सातेरीच्या पेटीतले नर: कापावेत की पोसावेत?

नीरेकाठचा | १८ जानेवारी, रात्री ९:१०

भोर तालुक्यात हिर्डोशी खोऱ्याच्या बाजूला माझ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, अकरा पेट्या आहेत. सहा वर्षांपूर्वी मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा एक गोष्ट पक्की शिकवली होती. पोळ्याच्या खालच्या कडेला नरांच्या कोठड्या दिसल्या की सुरीने कापून टाकायच्या. नर मध खातो, फुलावर जात नाही, नांगीही नाही, मग त्याला पोसायचं कशाला? मी आजवर तसंच करत आलो.

आता अडचण सांगतो. माझी चार नंबरची पेटी सोन्यासारखी आहे. धूर न देता झाकण उघडलं तरी माश्या चौकटीवर शांत बसून राहतात. भर आषाढातही ती कधी पेटी सोडून गेली नाही. गेल्या वर्षी तिच्यातल्या माश्या वाटून तीन नव्या पेट्या केल्या. तिन्हीकडे तिच्याच अळ्यांपासून नवी राणी तयार झाली. एक पेटी आईसारखी निघाली. दुसरीजवळ जाळी घातल्याशिवाय जाता येत नाही. तिसरी पावसाळ्यात पळून गेली. एका आईच्या तीन मुली, मग तीन तऱ्हा का?

मला वाटायला लागलंय की चूक बापाच्या बाजूला आहे. चांगल्या पेटीतले नर मीच सुरीने कापतोय आणि राण्या बाहेर जाऊन कुणाशी मिलन करून येतात ते मला माहीत नाही. जाणकारांनी सांगावं: नर कापणं बंद करू का? आणि बाप आपल्या हातात ठेवता येतो का?

कंदीपेढा | १८ जानेवारी, रात्री ९:४२

वाचतोय. माझ्या चारच पेट्या आहेत, पण प्रश्न हाच.

पेटीवाला_लातूर | १८ जानेवारी, रात्री १०:१५

मी मेलीफेरावाला, म्हणजे युरोपातून आलेली मधमाशी पाळणारा. पेट्या सूर्यफुलाला आणि मोहरीला फिरवतो, हिवाळ्यात राजस्थान. माझं मत स्पष्ट आहे: कापा. नरांच्या कोठड्यांत व्हरोआ माइट, म्हणजे माश्यांवर जगणारी गोचिडीसारखी बारीक कीड, सगळ्यात जास्त वाढतो. आम्ही मुद्दाम एक चौकट नरांसाठी देतो, कोठड्या बंद झाल्या की ती अख्खी बाहेर काढून टाकतो. माइटही जातो आणि औषधही वाचतं.

जांभुळपाणी | १९ जानेवारी, सकाळी ६:५०

पेटीवाला दादा, तुमचं मेलीफेरासाठी अगदी बरोबर आहे, पण सातेरीला ते लागू करू नका. व्हरोआ हा मुळात सातेरीचाच पाहुणा. हजारो वर्षं दोघं एकत्र राहिले, त्यामुळे सातेरीने त्याला बांध घातलाय. तिच्याकडे हा माइट फक्त नरांच्या कोठडीत पिल्लं घालू शकतो, कामकरीच्या कोठडीत त्याचं जमत नाही. नरांच्या एखाद्या कोठडीत फार माइट शिरले आणि आतला नर मेला तर माश्या ती कोठडी उघडतही नाहीत. माइट आतच गाडले जातात. मेलीफेराची आणि त्याची ओळख अलीकडची, म्हणून तिच्याकडे कामकरीच्या कोठडीतही तो वाढतो आणि अख्खी पेटी बसवतो.

नीरेकाठचा, सातेरीच्या नराची कोठडी नीट पाहिलीत का? वरचं मेण निघालं की खाली टोकदार टोपी दिसते आणि टोपीच्या मध्यावर सुईने पाडावं तसं भोक असतं. नवे लोक ते बघून घाबरतात, रोग समजून चौकट फेकतात. तो रोग नाही. सातेरीच्या नराचं घरच तसं असतं.

नीरेकाठचा | १९ जानेवारी, सकाळी ७:३०

काका, पहिल्या वर्षी मी अशा दोन चौकटी रोग समजून जाळल्या आहेत. आज खूप वाईट वाटलं.

प्रयोगशाळेतली | १९ जानेवारी, दुपारी १:२०

प्राणीशास्त्र शिकवते, म्हणून तुमच्या "तीन तऱ्हा का" या प्रश्नाला हात घालते. थोडं मोठं होईल.

राणी अंडं घालताना त्यात शुक्राणू सोडला तर त्यातून मादी होते, म्हणजे कामकरी किंवा राणी. नाही सोडला तर नर. नराला बाप नसतो. ही गोष्ट सिलेशियातल्या योहान झिएरझोन नावाच्या धर्मगुरूने १८४५ मध्ये मांडली तेव्हा लोकांना पटेना. मादीत गुणसूत्रं ३२, नरात फक्त १६. म्हणजे नर हा त्याच्या आईच्या अर्ध्या गुणांची उघडी चिठ्ठी असतो. त्याच्यात दुसरी जोडी नसल्यामुळे काही झाकून राहत नाही. आणि त्याचे लाखो शुक्राणू जवळपास हुबेहूब एकसारखे असतात.

आता राणी. ती आयुष्याच्या सुरुवातीला काही दिवसांतच बाहेर उडते आणि एकाशी नाही, दहा-पंधरा-वीस नरांशी हवेतच मिलन करते. प्रत्येक नर मिलन होताच मरतो. परत आल्यावर ती आयुष्यभर पुरेल एवढा साठा पोटातल्या एका बारीक पिशवीत ठेवते आणि तोच वर्षानुवर्षं वापरते. म्हणून एका पेटीतल्या कामकरी माश्या एका आईच्या पण वीस बापांच्या असतात.

तुमच्या तिन्ही नव्या राण्यांची आई एक होती, पण बाप एकच असेल असं नाही. चार नंबरच्या राणीने साठवलेल्या वेगवेगळ्या नरांच्या त्या मुली असू शकतात. आणि त्या मुली पुन्हा आपापल्या वाटेने वीस-वीस अनोळखी नरांकडे गेल्या. पेटीचा स्वभाव कामकरी ठरवतात आणि कामकरीचे निम्मे गुण त्या अनोळखी नरांकडून आलेले असतात. तुमचा अंदाज बरोबर आहे.

गणिती_मात्रा | १९ जानेवारी, दुपारी २:०५

ताई, "नराला बाप नसतो" यावर एक छोटं विषयांतर करू द्या, मला हे फार आवडतं. नराला फक्त आई, म्हणजे पालक १. आईला आई-बाप, म्हणजे आजी-आजोबांच्या पिढीत २. आजीला दोन पालक, आजोबाला एक, म्हणून पणजोबांच्या पिढीत ३. पुढे ५, मग ८, १३, २१. हीच माळ हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदशास्त्रात मांडली होती. लघु एक मात्रा, गुरू दोन मात्रा, तर इतक्या मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बसते? १, २, ३, ५, ८. माशीच्या वंशावळीत आणि आपल्या मात्रावृत्तात एकच गणित निघतं.

कंदीपेढा | १९ जानेवारी, दुपारी २:११

म्हणजे नराला बाप नाही पण आजोबा आहे! आज माझ्या पोरांना हे कोडं घालणार.

मधुराणी_वाई | १९ जानेवारी, सायंकाळी ५:३०

नर कोणत्याही पेटीत शिरला तरी माश्या त्याला हाकलत नाहीत, दारावर पहारेकरी असूनही सोडतात. कामकरीकडून आयतं खायला मिळतं. माझ्या सासूबाई म्हणतात, हा अधिक मासातला जावई आहे. फुलोरा संपून खायची ओढ लागली की त्याच माश्या त्याला ओढत दाराबाहेर नेतात. अधिक मास संपला, धोंडे खाऊन झाले, निघा.

जांभुळपाणी | १९ जानेवारी, रात्री ८:००

मधुराणी ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा. जावई हाकलला की समजायचं, पेटीला अन्न कमी पडतंय. तेव्हा साखरपाणी द्यायची वेळ झालेली असते. मी तर नरांकडे बघूनच पेटीची तब्येत ओळखतो. भरल्या घरातच नर पोसले जातात.

हॅनोव्हरची_शमा | १९ जानेवारी, रात्री ११:४५

बाप हातात ठेवता येतो का, यावर इथला अनुभव. जर्मनीत उत्तर समुद्रातल्या काही बेटांवर आणि डोंगरातल्या एकाकी दऱ्यांत मिलनाची ठाणी आहेत. बेटावर निवडलेल्या एकाच घराण्याच्या पेट्या ठेवतात, त्यांतून भरपूर नर तयार होतात. मधमाशीपालक आपल्या कुमारी राण्या छोट्या पेट्यांत घालून बोटीने तिथे नेतात. अट एकच: त्या पेटीत एकही नर असता कामा नये. म्हणून माश्या राणीजाळीतून चाळून भरतात. कामकरी बारीक असल्याने आरपार जाते आणि नर अडकतो. मी एकदा शेजाऱ्यांबरोबर हे काम केलंय. एक नर चुकून गेला तर सगळ्यांच्या वर्षाच्या मेहनतीवर पाणी, म्हणून तो माणूस प्रत्येक पेटी दोनदा तपासत होता.

इंग्लंडमध्ये बकफास्ट मठातल्या ब्रदर ॲडम यांनी १९२५ मध्ये डार्टमूरच्या उजाड माळावर असंच ठाणं केलं होतं. तिथे झाडं नाहीत, जंगली पोळी नाहीत, म्हणून जागा निवडलेली. ऑस्ट्रेलियातलं कांगारू बेट तर १८८५ पासून इटलीच्या लिगुरियन माशीसाठी राखीव आहे.

प्रयोगशाळेतली | २० जानेवारी, सकाळी ९:१५

शमा, छान लिहिलंस. यात मेंडेलची आठवण हवीच. वाटाण्यांवर आनुवंशिकता उलगडणारा तो माणूस ब्रनो शहरातल्या मठात माश्याही पाळायचा. वेगवेगळ्या जातींचे संकर करायचे म्हणून राणी आणि नर एकत्र ठेवायचा पिंजराही त्याने करून पाहिला. जमलं नाही. वाटाण्याच्या फुलात परागकण आपल्या हाताने ठेवता येतो. राणी मात्र पिंजऱ्यात मिलन करत नाही, तिला मोकळं आकाश लागतं.

नर दुपारनंतर ठरावीक जागी हवेत जमतात, जमिनीपासून साधारण १० ते ४० मीटर उंचीवर. या जागा वर्षानुवर्षं त्याच राहतात, आणि नर तर एका हंगामापुरता जगतो. आधी कुणी वाट दाखवलेली नसताना नव्या हंगामातले नर त्याच जागी कसे जमतात, हे मी दर वर्षी मुलांसमोर प्रश्न म्हणून ठेवते.

विदर्भवाला | २० जानेवारी, सकाळी १०:४०

आमच्याकडे आग्या, फुलोरी, सातेरी सगळ्याच आहेत. मग यांचे नर आणि राण्या हवेत एकमेकांत मिसळत नाहीत का?

प्रयोगशाळेतली | २० जानेवारी, सकाळी ११:३०

सगळ्या राण्यांच्या गंधातला मुख्य घटक एकच आहे, म्हणून प्रश्न अगदी योग्य. श्रीलंकेत १९७० च्या दशकात याचा अभ्यास झाला. फुलोरीचे नर साधारण १२ ते अडीचपर्यंत उडतात, सातेरीचे सव्वाचार ते सव्वापाच, आणि आग्याचे सूर्य मावळताना सहा ते पावणेसात. आकाश एक, वेळा वाटून घेतलेल्या. मेलीफेरा मात्र बाहेरून आलेली, तिचे नर दुपारी उडतात आणि सातेरीच्या राणीमागेही लागतात. त्यांच्या मिलनातून अंडी फलित झाली तरी गर्भ वाढत नाही. म्हणजे सातेरीच्या राणीचं नुकसानच.

पेटीवाला_लातूर | २० जानेवारी, दुपारी १२:५०

हे मला माहीत नव्हतं. मेलीफेरा १९६२ च्या सुमारास कांगड्यातल्या नगरोट्यात रुजवली गेली आणि पुढे पंजाबभर पसरली. तिच्यावर माझं घर चालतं. पण घाटमाथ्यावर सातेरीवाल्यांच्या शेजारी पेट्या उतरवताना यापुढे विचार करीन.

बाप हातात ठेवायचाच असेल तर कृत्रिम रेतन आहे की! पंजाबात एकाला करताना पाहिलंय.

प्रयोगशाळेतली | २० जानेवारी, दुपारी ३:३५

आहे. अमेरिकेत वॉटसनने १९२० च्या दशकात ते जमवलं. पुढे लेडलॉने राणीच्या मार्गातली एक घडी शोधली, ती बाजूला सारल्याशिवाय वीर्य आत जात नाही हे दाखवलं, तेव्हा कुठे तंत्र भरवशाचं झालं. राणीला कार्बन डायऑक्साइडने गुंगी देतात. नराची छाती बोटांत दाबली की त्याचं इंद्रिय बाहेर उलटतं, त्यावर पांढऱ्या चिकट द्रवावर मलईच्या रंगाचा पातळ थर दिसतो. तेवढा मलईचा थर सुईत ओढायचा, पांढरा आला तर सुई चोंदते. मेलीफेराचा एक नर जेमतेम एक मायक्रोलिटर देतो आणि एका राणीला आठ-दहा मायक्रोलिटर लागतात.

सातेरीत काम आणखी अवघड, कारण तिच्या नराकडे शुक्राणू मेलीफेराच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकेच. पोलंडच्या येझी वॉइके यांनी भारतात येऊन सातेरीच्या नैसर्गिक आणि कृत्रिम मिलनाचा अभ्यास केला, १९७५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपल्या पुण्यातही १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे. शिकायचं असेल तर शिका, पण अकरा पेट्यांसाठी सूक्ष्मदर्शक घेऊन बसू नका असं माझं मत.

नीरेकाठचा | २० जानेवारी, रात्री ९:००

ताई, मग सोपा उपाय डोक्यात आलाय. फक्त चार नंबरच्या पेटीतले नर ठेवतो, बाकी दहा पेट्यांतले कापतो. राण्याही चारचीच मुलं म्हणून वाढवतो. म्हणजे आई पण चार नंबर आणि बाप पण चार नंबर. चालेल?

प्रयोगशाळेतली | २० जानेवारी, रात्री ९:२५

नाही! हे अजिबात करू नका.

माशीचं लिंग एका जनुकावर ठरतं. त्याचे अनेक प्रकार असतात. अंड्यात दोन वेगळे प्रकार आले की मादी, एकच आला की नर. पण फलित अंड्यात दोन्ही सारखेच आले तर? तेही नर होतं, फक्त निरुपयोगी. वॉइके यांनीच १९६३ मध्ये दाखवलं की असली अळी अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच कामकरी तिला खाऊन टाकतात. भावा-बहिणीच्या मिलनात दोघांचा प्रकार जुळण्याची शक्यता निम्मी, आणि जुळला की त्या नराच्या वाट्याच्या निम्म्या अंड्यांचं असं होतं. चौकट चाळणीसारखी दिसते, भरलेली-रिकामी-भरलेली. पेटी जोर धरतच नाही.

जांभुळपाणी | २१ जानेवारी, सकाळी ६:३०

माझ्या धाकट्या भावाने हेच केलं होतं. तीन वर्षं सगळ्या पेट्या एकाच राणीच्या. चौथ्या वर्षी चौकटी चाळणीसारख्या झाल्या. आम्हाला वाटलं रोग. नव्वदच्या दशकात थाई सॅकब्रूड आला तेव्हाची भीती मनात होती, त्या रोगाने दक्षिणेत सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या. भावाने सगळं सोडायचं ठरवलं होतं. मग रानातून, झाडांच्या ढोलीतून तीन पोळी पेटीत आणली, वर्षभरात चौकटी पुन्हा भरल्या. जंगलातला नर हा शत्रू नाही. तोच आपलं रक्त ताजं ठेवतो.

मधुराणी_वाई | २१ जानेवारी, सकाळी ११:००

मग करायचं काय नेमकं? कापायचे नाहीत हे कळलं. पण निवड कशी करायची?

जांभुळपाणी | २१ जानेवारी, रात्री ८:४५

माझी रीत सांगतो. तीन-चार चांगल्या पेट्या निवडतो, एकमेकींच्या बहिणी नसलेल्या. शांत, टिकणाऱ्या, स्वच्छ. त्यांत नरांना खालची जागा मोकळी सोडतो आणि खायला कमी पडू देत नाही. रागीट आणि पळपुट्या पेट्यांतले नर मात्र कापतो. तिथे सुरी चालवायला हरकत नाही. राण्या वाढवतो पाचव्या पेटीच्या.

दुसरं वेळेचं. नराला अंड्यापासून बाहेर यायला मेलीफेरात २४ दिवस, राणीला १६. सातेरीत एखादा दिवस इकडेतिकडे. बाहेर आल्यावरही नराला तयार व्हायला बारा-चौदा दिवस लागतात, राणी आठवड्यात उडते. म्हणून राणीसाठी अळ्या उचलायच्या दिवशी नरांच्या पेटीतली एक कोठडी उघडून बघायची. आतल्या कोषाचे डोळे जांभळे झालेले असतील तर हिशेब जुळला. डोळे पांढरेच असतील तर अजून थांबा, नाहीतर राण्या तयार आणि आपले नर कोवळे. मग त्या परक्यांकडेच जाणार.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. नर काही किलोमीटर उडतो. तुमच्या अकरा पेट्यांच्या राण्या तुमच्याच नरांना भेटतील असं कधीच होणार नाही. आमच्या महाबळेश्वरकडे मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव झालं. तसं घरोघरी पेट्या असलेल्या गावात मिळून ठरवलं तर खरी निवड होते. राणी ज्याच्या त्याच्या पेटीतली, पण नर अख्ख्या गावाचा. शेजाऱ्याची पेटी रागीट असेल तर तुमच्या नाती रागीट होणार. म्हणून चांगली राणी शेजाऱ्याला फुकट द्या. त्याच्या पेटीतले नर तुमच्याच राण्यांच्या कामी येतील.

विदर्भवाला | २१ जानेवारी, रात्री ९:२०

हे शेवटचं वाक्य छापून पेटीवर लावतो.

पेटीवाला_लातूर | २१ जानेवारी, रात्री १०:०५

काकांशी माझं आता भांडण नाही. मेलीफेरात मी माइटसाठी कापतच राहणार, पण सगळ्यात चांगल्या दोन पेट्या वगळून. आजवर सरसकट कापत होतो आणि राण्या विकत आणत होतो. एका विक्रेत्याकडून आणलेल्या वीसपैकी निम्म्या राण्या दोन महिन्यांत फक्त नरांचीच अंडी घालायला लागल्या. म्हणजे त्यांचं मिलनच धड झालं नव्हतं. आता कळतंय की नर कमी असताना घाईने काढलेल्या राण्या असाव्यात.

नीरेकाठचा | २२ जानेवारी, सकाळी ७:००

सगळ्यांचे आभार. ठरलं. चार, सात आणि दहा नंबरच्या पेट्यांत नर सोडतो, दोन आणि नऊ रागीट आहेत, तिथलेच कापतो. राण्या एक नंबरच्या. खालच्या वाडीतल्या दोघांकडेही पेट्या आहेत, त्यांच्याशी आज बोलतो.

नीरेकाठचा | २९ मार्च, रात्री ८:३०

धागा वर काढतो, हिशेब द्यायचा राहिला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी जांभळे डोळे बघूनच एक नंबरच्या अळ्या उचलल्या. सहा राण्या बाहेर आल्या. खालच्या वाडीतल्या दोघांना एकेक दिली, आधी त्यांना पटत नव्हतं, पण चार नंबरची पेटी उघडून दाखवल्यावर घेतली. रोज साडेतीनपासून पेट्यांसमोर बसायचो. चारच्या पुढे नरांचा जाडसर आवाज सुरू व्हायचा, कामकरीपेक्षा वेगळा, कान देऊन ऐकला की ओळखू येतो. सहा वर्षं पेट्या पाळून तो मी पहिल्यांदा ऐकला.

सहापैकी चार राण्या व्यवस्थित अंडी घालतायत. एक उडाली ती परतलीच नाही. त्याच दुपारी तारेवर माश्या खाणारा वेडा राघू बसलेला पाहिला होता. सहावीची चौकट मात्र विखुरलेली दिसते.

प्रयोगशाळेतली | २९ मार्च, रात्री ८:५०

किती छान! सहावीची चौकट उन्हाकडे पाठ करून नीट बघा. रिकाम्या कोठड्यांत अंडी आहेत पण अळ्या नाहीत, की अंडीच नाहीत? अंडी असून अळ्या गायब होत असतील तर आपण बोललो ते चाळणीचं प्रकरण असू शकतं. तीन-चार दिवसांच्या अंतराने तीच जागा दोनदा बघा, टाचणीने कडेला खूण करा.

जांभुळपाणी | ३० मार्च, सकाळी ६:१५

आणि एका कोठडीत दोन-तीन अंडी दिसली तर राणीच नाही, कामकरी अंडी घालतायत. सातेरीत ते फार लवकर सुरू होतं. तेही बघा.

नीरेकाठचा | ३० मार्च, सकाळी ६:४०

एकेकच अंडं आहे, राणीही काल दिसली. आज दुपारी खूण करून येतो, गुरुवारी परत बघून फोटो टाकतो.